हिवाळ्यात पहाटे बाइक काढायची तर

डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे पाच-साडेपाचला जी माणसं बाइकवर दिसतात, त्यांतली हौसेने फिरायला निघालेली फार थोडी. चाकणला पहिली शिफ्ट गाठायची असते, डेअरीला दूध घालायचं असतं, नारायणगावला माल घेऊन पोचायचं असतं, कुणाची परीक्षा असते. अशांना ‘थंडीत जाऊ नका’ सांगण्यात अर्थ नाही. त्यामुळे जायचंच आहे असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. उदाहरणं याच रस्त्याची आहेत, पण निफाड, धुळे, जळगाव, नागपूर किंवा महाबळेश्वरकडच्यांनाही ती लागू पडतील.

एकच पर्याय मात्र आधी तपासून बघा: सूर्योदयानंतर तास-दीड तासाने निघता येईल का? रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, म्हणून सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्य उगवायच्या सुमारास असतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सात-सव्वासातला होतो. साडेसहाला निघणारा ऐन गारठ्यात सापडतो आणि साडेआठला निघणाऱ्याला तोच रस्ता वेगळा वाटतो. वेळ तुमच्या हातात असेल, तर कुठल्याही जॅकेटपेक्षा हा उपाय मोठा आहे.

थंडी नेमकी कुठून लागते

बाइकवर खरा त्रास हवेच्या तापमानापेक्षा वाऱ्याचा असतो. अंगाभोवती शरीराने तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो आणि वारा तो सतत ओरबाडून नेतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं हवामानशास्त्रात प्रचलित सूत्र आहे. त्या हिशेबाने हवा १० अंश असताना ताशी ८० किलोमीटरने गेलात, तर उघड्या त्वचेला ती साधारण ४-५ अंशांसारखी लागते. हवाच ५ अंश असेल, तर शून्याखाली दोन-तीन अंश असल्यासारखी.

याच सूत्रातली पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. ८० वरून ५० वर उतरलात, तरी जाणवणाऱ्या थंडीत फरक पडतो तो जेमतेम एका अंशाचा. म्हणजे उघड्या त्वचेला हळू चालवून फारसा दिलासा मिळत नाही. वारा अडवल्याशिवाय गत्यंतर नाही. हळू चालवायची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतील.

दुसरं म्हणजे हात. गारठा वाढला की शरीर छाती-पोटातली ऊब राखायला हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटं बधिर होतात ती पुष्कळदा हातमोजे पातळ म्हणून नव्हे, तर छाती आणि मान गार पडली म्हणून. बाजारातले महागडे हातमोजे घालूनही काहींची बोटं का आखडतात, ते यावरून कळेल. आधी छाती-पोट आणि मान उबदार ठेवा, मग हाताकडे वळा.

कपडे: स्वेटरवर स्वेटर नको

घरोघरी होणारी चूक ही की दोन स्वेटर चढवले आणि निघाले. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो. एका स्वेटरवर वारा न शिरणारं काहीतरी घाला. दोन स्वेटरांहून ते कितीतरी जास्त काम करतं. ते बहुतेकांच्या घरात पावसाळ्यापासून गुंडाळून पडलेलं असतं: रेनकोट. जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट ही आपल्याकडच्या हिवाळ्यासाठी सर्वांत स्वस्त आणि चोख सोय आहे. नवं काही घ्यायच्या आधी तो काढून बघा.

थर असे ठेवा. अंगालगत थर्मल किंवा खेळाडू घालतात तसा घाम न धरणारा टी-शर्ट. सुती बनियन घामाने ओला झाला की ओलाच राहतो आणि थांबून परत निघालात की तोच अंगाला गार लागतो. त्यावर स्वेटर किंवा फ्लीसचं जॅकेट आणि सर्वांत वर रेनकोट किंवा विंडचीटर. जाळीचं रायडिंग जॅकेट वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. त्याच्या आत पावसाचं अस्तर लावलं, तर वारा जाळीतून शिरून आतपर्यंत पोचतो. रेनकोट जाळीच्या वरून घातला, तर वारा बाहेरच अडतो आणि जॅकेटमधली हवाही ऊब धरते. वरूनच घाला.

स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन-चार पानांचे थर ठेवायची जुनी युक्ती आजही चालते. मध्येच थंडी वाढली आणि जवळ काहीच नसलं, तर चहाच्या टपरीवर एखादा जुना अंक हमखास मिळतो.

मग फटी बुजवायच्या. गळा, मनगट आणि कंबर या तीन ठिकाणांतून वारा आत येतो. गळ्याला मफलरपेक्षा डोक्यातून घालायची गळपट्टी किंवा माकडटोपी बरी. मफलरच घालायचा असेल, तर त्याची दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा. चेनमध्ये किंवा चाकात अडकलेला मफलर आणि ओढणी यांनी माणसं जिवाला मुकली आहेत, त्यामुळे इथे हयगय नको. माकडटोपी पातळ हवी. जाड लोकरीची घातली तर हेल्मेट वर सरकतं, डोक्यावर नीट बसत नाही. टोपीमुळे हेल्मेटचा पट्टा लागत नसेल, तर टोपी बदला, पट्टा उघडा ठेवू नका.

गुडघ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. ते थेट वाऱ्यात असतात आणि त्यांवर मांस कमी असतं. नुसत्या जीन्सवर तासभर चालवली की पाय गिअरवर उचलायचा कंटाळा यायला लागतो, इतके ते आखडतात. रेनकोटची पँट वरून चढवली की प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

पायमोज्यांच्या दोन जोड्या घालायच्या, तर बूट ऐसपैस हवा. घट्ट बुटात दोन जोड्या कोंबल्या की रक्त कमी फिरतं आणि पाय जास्तच गार पडतात. एकच जाड जोडी घालून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून बूट घाला. दिसत कुणालाच नाही, काम उत्तम होतं.

हात

हातमोजा बोटांच्या टोकाशी किंचित सैल हवा. हात मुठीत आवळून बघा. बोटांच्या टोकांवर दाब आला, तर तो थंडीत निरुपयोगी. मनगटावर लांब येणारा घ्या आणि जॅकेटची बाही आणि मोजा यांपैकी काहीतरी एक दुसऱ्याच्या आत जायलाच हवं. नाहीतर मधल्या दोन बोटांएवढ्या फटीतून बाहीत शिरणारा वारा थेट काखेपर्यंत पोचतो.

लोकरीचे मोजे एकटे पुरत नाहीत, कारण तेच, वारा. त्यांवर वारा अडवणारा दुसरा थर पाहिजे. तातडीची सोय म्हणून दोन मोज्यांच्या मध्ये पातळ प्लास्टिकचे हातमोजे घालता येतात. मात्र ब्रेक-क्लचवरची बोटांची पकड जाडीमुळे कमी होत नाही ना, हे गाडी जागेवर उभी असताना तपासा.

दूधवाल्यांच्या गाड्यांवर हँडलला रेक्झिनचे कव्हर चढवलेले असतात, आत हात घालून चालवायचे. रोज पहाटे बाहेर पडणाऱ्याला यासारखं दुसरं साधन नाही, कारण वारा हातापर्यंत येतच नाही आणि पातळ मोज्यांवर भागतं. बसवताना मात्र दोन गोष्टी पाहा. अॅक्सिलरेटर पिळून सोडला की तो आपोआप पूर्ण मागे यायला हवा, आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवल्यावर कव्हर ब्रेकच्या दांडीला दाबत नाही ना. हात बाहेर काढून पुन्हा झटकन आत जातो का, हेही दहा वेळा करून बघा.

गरम होणारे ग्रिप बसवायचे असतील, तर ते बॅटरीवर चांगला भार टाकतात. लहान गाड्यांची चार्जिंगची ताकद मोजकीच असते. फ्यूज आणि रिले लावून, चावी बंद केल्यावर बंद होतील असेच बसवून घ्या. हेडलाइटच्या वायरमधून जोड काढून देणाऱ्याकडून तर मुळीच बसवू नका.

आदल्या रात्री गाडीसाठी दहा मिनिटं

बॅटरी आधी. थंडीत तिची ताकद घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आता पुष्कळ गाड्यांना किक नसते, म्हणजे बॅटरी गेली की ढकलण्यावाचून मार्ग नाही. तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.३-१२.४ च्या खाली असेल, तर चार्ज करून घ्या. मीटर नसेल, तर पहाटे पहिल्या सेल्फचा आवाज ऐका. दरवेळी तो थोडा थोडा ओढल्यासारखा, मंद येऊ लागला की बॅटरी तुम्हाला आठवडाभर आधी सांगत असते.

टायरमधली हवा तापमान उतरेल तशी कमी होते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (पंपावर हवेचा दाब मोजतात ते एकक). दुपारी ३० अंशात भरलेली हवा पहाटे ८ अंशात तीन-चार पीएसआयने कमी भरते. म्हणून गाडी थंड असतानाच, पेट्रोल पंप घराजवळ असेल तर निघाल्या निघाल्या, कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकी भरा. पकड वाढावी म्हणून मुद्दाम कमी हवा ठेवायचा सल्ला ऐकायला मिळतो; डांबरी रस्त्यावर तो मानू नका.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ठेवा, आपल्या थंडीसाठी वेगळं लागत नाही. फक्त एक बघा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरट-पिवळा फेस दिसतो. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि ती ऑइलमध्ये घुसळली जाते. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवली की बहुधा तो जातो. मात्र लिक्विड-कूल गाडीत, म्हणजे जिचं इंजिन कूलंट या द्रवाने थंड होतं तिच्यात, फेसाबरोबर कूलंटची पातळीही उतरत असेल, तर मेकॅनिकला दाखवा.

उरलेलं थोडक्यात: चेनला ल्यूब, हेडलाइटची काच आणि मागचा लाल दिवा पुसून स्वच्छ, इंडिकेटर चालू आहेत का हे बघणं. रात्री बाहेर उभी करत असाल, तर सीट झाका. दवाने भिजलेल्या सीटवर बसलात की पहिल्या दहा मिनिटांतच ओल आत पोचते.

हेल्मेटची काच

थंडीत सर्वांत जास्त शिव्या हिला पडतात. श्वासातली वाफ गार काचेला लागून धुकं धरतं आणि सिग्नलला थांबलं की समोरचं काहीच दिसत नाही. काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ काच मिळते, पिनलॉक म्हणतात ती. दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो आणि धुकं जवळपास थांबतं. तुमच्या हेल्मेटला ती बसत असेल, तर पैसे वसूल होतात. नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतल्या बाजूने बोटाने पसरा आणि मऊ, कोरड्या कापडाने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसा. हा थर दोन-तीन दिवस टिकतो. नाकावर मास्क असा घ्या की श्वास खाली जाईल. हेल्मेटच्या हनुवटीजवळची हवेची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका, काच कोरडी राहते ती तिच्यामुळे.

काळी काच पहाटे आणि रात्री लावायची नाही. यावर चर्चा नको.

सुरू करताना आणि पहिले पाच किलोमीटर

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी लावल्यावर पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेकंद, थांबा आणि मग सेल्फ मारा. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. नाही झाली, तर दहा-पंधरा सेकंद बॅटरीला उसंत द्या. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चोक ओढा, अॅक्सिलरेटर पिळू नका आणि इंजिन स्थिरावलं की चोक परत लावायला विसरू नका.

गाडी पाच-दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून तापवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे. इंजिन नीट तापतं ते चालण्याने, म्हणून पुढचे काही किलोमीटर जोर न लावता, कमी आरपीएमवर (इंजिनाचे फेरे कमी ठेवून) चालवा. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली गाडी चालू ठेवून आत हेल्मेट शोधायला जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सायलेन्सरमधून सुरुवातीला येणारा पांढरा धूर ही पाण्याची वाफ असते, गाडी तापली की थांबते.

याच पहिल्या किलोमीटरांत टायरचं रबर थंड आणि कडक असतं, डिस्कवर दव असतं. सोसायटीबाहेर पडताच दोन-तीनदा हलके ब्रेक लावून डिस्क कोरडी करून घ्या. वळणावर गाडी नेहमीसारखी झुकवू नका. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे दवाने ओले झाले की पावसातल्याइतकेच निसरडे असतात, आणि आभाळ स्वच्छ असल्यामुळे तसं वाटत नाही.

रस्त्यावर: पूल, धुकं आणि ऊस

पुणे-नाशिक रस्ता ओळीने नद्या ओलांडतो: राजगुरुनगरला भीमा, कळंबजवळ घोड, नारायणगावला मीना, पुढे कुकडी, घारगावला मुळा, संगमनेरला प्रवरा. पहाटे प्रत्येक उतारावर हवा बदलल्याचं गालाला कळतं. थंड हवा जड असते, ती सखल भागात साचते आणि नदीकाठी तिला ओलाव्याची साथ मिळते. माळावर लख्ख दिसणारा रस्ता पुलाशी अचानक पांढरा होतो तो यामुळे. उतार लागला की धुकं असेलच असं धरून आधीच वेग कमी करा. आत शिरल्यावर ब्रेक मारू नका, मागचा तुम्हाला बघत नसतो.

वेग किती, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० ने जाताना गाडी सेकंदाला ११ मीटर सरकते. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे सोळा-सतरा मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा-बारा. तीस मीटरवरचं दिसत असेल, तर ४० ही कमाल मर्यादा झाली. रस्ता ओला असेल, तर ३०. हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चाला. थांबायचं असेल, तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पूर्ण खाली उतरून, एखाद्या ढाब्याच्या आवारात. ठिकठिकाणी पेटलेल्या शेकोट्यांचा आणि पाचट जाळल्याचा धूर धुक्यात मिसळला, की दिसण्याचं अंतर आणखी घटतं.

आणि ऊस. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि थंडी एकाच वेळी येते. संगमनेरच्या पट्ट्यात पहाटे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, बैलगाड्याही असतात. ऊस मागे आणि बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागचा दिवा असला तरी मोळ्यांनी झाकलेला. अंधारात समोर लाल दिवा दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं समजू नका. हवेत उसाचा गोडसर वास आला किंवा रस्त्यावर पाचट आणि चेंदलेली कांडकी दिसू लागली की पुढे ट्रॉली आहे असं धरून चाला. त्या चेंदलेल्या कांडक्यांवरून चाक घसरतंही. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर असताना ओव्हरटेक करू नका, ट्रॉलीची खरी रुंदी त्या प्रकाशात कळत नाही.

थांबा कधी

थंडीत दर तासाला थांबा, दुखायला लागायची वाट बघू नका. थांबलात की हातमोजे टाकीवर किंवा सीटवर टाकू नका, जॅकेटच्या आत ठेवा म्हणजे परत घालताना उबदार मिळतात. हात इंजिनाजवळ शेकायचा मोह होतो. बधिर त्वचेला भाजल्याचं कळत नाही, म्हणून हात काखेत घ्या किंवा चहाचा ग्लास धरा. पाणीही प्या, थंडीत तहान लागत नाही, पण शरीराला लागतंच.

मोजे काढून एक चाचणी करा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा. लागत नसेल किंवा लागल्याचं कळत नसेल, तर अशा हाताने ब्रेक मारायचा नसतो. दहा-पंधरा मिनिटं बसा, अंग तापवा, परत बघा.

कुडकुडणं ही शरीराची ऊब तयार करायची धडपड आहे, तोवर धोका आटोक्यात असतो. बोलणं अडखळू लागलं, चावी लावताना हात चुकू लागला, झोप येऊ लागली किंवा ऊब न मिळताच कुडकुडणं थांबलं, तर त्या माणसाला पुढे जाऊ देऊ नका. आत न्या, ओले कपडे बदला, छाती-पोट पांघरुणाने झाका, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी प्यायला द्या आणि डॉक्टरांना दाखवा. ऊब यावी म्हणून दारू पाजायची समजूत घातक आहे. तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्याने बाहेर जाते.

मागे बसलेल्याची चौकशी तुम्हीच करायला हवी. तो हलत नाही, काही करत नाही, म्हणून लवकर गारठतो आणि डुलकीही त्यालाच येते. लहान मुलाला पुढे टाकीवर बसवून नेऊ नका. सगळा वारा त्याच्या छातीवर जातो आणि पडताना तो सर्वांत पुढे असतो.

दुपारी, आणि परतताना

पहाटे ८ अंश आणि दुपारी २८, ही आपल्याकडच्या हिवाळ्याची खरी अडचण आहे. दहा-अकराला रेनकोट उतरवला नाही, तर आतून घाम सुटतो आणि संध्याकाळी त्याच ओल्या कपड्यांत थंडी भरते. काढलेले थर ठेवायला बॅग आणि एक कोरडा टी-शर्ट सोबत ठेवा. टी-शर्ट परत निघायच्या आधी बदलायचा, कुडकुडल्यावर नाही. सूर्य मावळला की तापमान भराभर उतरतं, म्हणून अंधार पडायच्या आधीच एकदा थांबून सगळे थर चढवून घ्या.

हेच सगळं घेऊन कुणी थंडीत मनालीकडे निघणार असेल, तर गणित बदलतं. तिथे सावलीतल्या वळणांवर डांबराच्या रंगाचाच पातळ बर्फ असतो, तो दिसत नाही आणि त्यावर दुचाकीला पकड मिळत नाही. अटल बोगद्यापलीकडे लाहौलच्या बाजूला तर ऊन वर येईपर्यंत निघूच नका. साधारण दहा ते तीन एवढाच दिवस धरा आणि पोलिसांनी दुचाकी अडवली, तर हुज्जत न घालता मागे फिरा.